धुरपताबाईचं विरजण

धुरपताबाईचं नाव मी सरकारी कागदावर एकदाच लिहिलं, आणि ते हेडक्लार्कने लाल शाईने खोडलं. ‘जमीन पतीच्या नावे आहे, बाईचे नाव कशाला?’ असं समासात लिहून त्याने वर ‘चैतराम’ घातलं. चैतराम म्हणजे तिचा नवरा. भला माणूस. पण ज्या गोष्टीबद्दल मी कागद लिहिला होता, तिच्याशी त्याचा संबंध इतकाच की घमेलं डोक्यावर ठेवताना त्याने हात लावला होता. मी तेव्हा गप्प बसलो. नोकरीत गप्प बसायची सवय पहिल्याच वर्षी लागते आणि मग ती हाडीमांशी खिळते.

मी केशोरीला ग्रामसेवक म्हणून आलो ते त्रेपन्न सालच्या पावसाळ्यानंतर. वय पंचवीस, अंगात खाकी हाफपँट, बरोबर एक सायकल आणि दहा टक्के कीडनाशक पावडरीची चौदा पोती. धानावर लष्करी अळी पडली होती. कागदावर तिचं नाव लष्करी, गावात नुसती अळी. दिवसा ती बुडख्याशी लपते, ऊन उतरलं की वर चढते आणि पिकलेल्या लोंब्या कातरून खाली टाकते. खाते कमी, पाडते जास्त. अशी माणसंही मी पुढे कार्यालयात पुष्कळ पाहिली.

पोती संपवून आकडा कळवायचा, एवढंच माझं काम. गावात कोणी नाही म्हणत नव्हतं. फुकटची पावडर कोण सोडतो? एका बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, दुसऱ्या बांधीत असं धुरळत मी बोडीच्या खालच्या अंगाला पोचलो. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. तिच्या पाझराने खालची एक बांधी बाराही महिने ओली राहायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाई विळा घेऊन उभी होती. उंच, काळीसावळी, लुगड्याचा काचा मारलेला.

“थांबा बाबू,” ती म्हणाली, “ते पोतं माया बांधीत नोका आनू.”

“काऊन?” मीही लगेच तिच्याच बोलीवर आलो. मी तिरोड्याकडचा, ही बोली माझ्याही घरची.

“माये कामकरी हायेत तिथं. ते मरतीन.”

मी बांधीत नजर टाकली. एकही माणूस नव्हता. बाई चक्रम दिसते, असं मनात म्हणालो. पण एक गोष्ट मला दिसली आणि ती काही केल्या डोळ्यांआड करता येईना. तिच्या धानाची लोंबी न् लोंबी जागेवर होती. धुऱ्याच्या पलीकडे, शेजारीण नंदाबाईच्या बांधीत, जमिनीवर लोंब्यांचा सडा पडला होता. मध्ये वीतभर मातीचा धुरा. अळीला धुरा ओलांडता येत नाही असं कोणी दाखवून दिलं तर मी ग्रामसेवकी सोडीन.

तिने मला घरी नेलं. पडवीत एका मातीच्या गंजात ओला चिखल होता आणि त्यावर पाचसहा अळ्या. त्यांतल्या तीन पिवळट, ढिल्या, मेल्यातच जमा. “बसा, पाहा,” ती म्हणाली. चहा पिऊन होईस्तो त्यांतल्या एका अळीच्या कुशीतून पांढरा दोरा बाहेर यायला लागला. हातशिलाईच्या दोऱ्याएवढा जाड, चांगला वीतभर लांब. वळवळत पुरता बाहेर आला, अळी रिकामी खोळ होऊन पडली आणि दोरा चिखलात घुसून दिसेनासा झाला. मी कप खाली ठेवून अंगणात पळालो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पोटभर हसली.

“गंज पाहून असेच हसले होते माये मालक,” ती म्हणाली, “आता हसत नाही.”

तिला हे कळलं ते पाच वर्षांपूर्वी. कोंबड्यांना घालायला तिने अळ्या वेचून गंजात ठेवल्या आणि विसरली. सकाळी पाहते तर अळ्या मेलेल्या आणि गंजाच्या बुडाशी पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता. दुसरी बाई असती तर गंज उकिरड्यावर उपडा केला असता. हिने वेगवेगळ्या बांध्यांतल्या अळ्या वेगवेगळ्या गंजांत ठेवून पाहिल्या. तिच्याच वरच्या बांधीतल्या अळ्यांतून काही निघालं नाही. खालच्या ओल्या बांधीतल्या दहांतल्या सात-आठ दोरा ओकून मेल्या. मग रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, वेळी तिने खालचा चिखल घमेल्यांनी वर नेऊन टाकला. त्या वर्षी काहीच झालं नाही. गावभर हसं झालं, चिखलाच्या रानात चिखल नेऊन टाकणारी बाई म्हणून. दुसऱ्या वर्षी मात्र वरच्या बांधीतल्या अळ्याही मरायला लागल्या. हे सगळं तिने एक अक्षर न शिकता केलं होतं. मी शेतकी शाळेत दोन वर्षं काढली होती आणि मला कोणी एवढं शिकवलं नव्हतं की अळीलाही पोटात जंत होऊ शकतात.

“विरजण हाय हे,” ती म्हणाली. “दुधात चमचाभर टाकलं का सारं दूध बदलते. तसाच हा चिखल. फक्त याले रात नाही, एक साल लागते.”

मी त्या दिवशी तिची बांधी सोडून पुढे गेलो. खोलीवर आलो, कंदिलाची काच पुसली आणि वरच्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव पत्र, जे लिहिताना मला आनंद झाला. एक दोरा स्पिरिटच्या बाटलीत घालून सोबत पाठवला. त्या पत्राचं पुढे काय झालं ते मघाशी सांगितलंच: आधी बाईचं नाव गेलं. मग तीन महिने उत्तर नाही. मग उत्तर आलं की ‘नमुना बाटली फुटलेल्या अवस्थेत प्राप्त, पुन्हा पाठवावा.’ पुन्हा पाठवला. मग त्या अधिकाऱ्याची बदली. मी स्मरणपत्र पाठवलं, त्याला पोच आली. स्मरणपत्राच्या पोचेचं स्मरणपत्र पाठवलं. कागदी घोडे नाचवणं म्हणतात ते हेच, फक्त घोडे नाचत होते आणि मी लीद उचलत होतो.

इकडे धुरपताबाई स्वस्थ बसली नव्हती. तिला हे विरजण गावात वाटायचं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने पहिला गंज दिला तो नंदाबाईला, कारण धुरा लागून होता आणि नुकसान तिचं सगळ्यात जास्त होत होतं. आमच्या बायका विरजण देताना घेताना फार जपतात. दिवेलागणीनंतर देत नाहीत, सगळं कधी देत नाहीत, बुडाशी थोडं राखतात. घेणारी ते झाकून उबेला ठेवते. नंदाबाईनेही तेच केलं! बिचारीने गंजावर स्वच्छ फडकं बांधलं आणि रोवणी येईस्तो दोन महिने तो चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला, रोज उदबत्तीसुद्धा ओवाळली. आषाढात फडकं सोडलं तर आत वाळून विटेसारखं ढेकूळ. तेच तिने बांधीत टाकलं. अळी पडायची ती पडलीच.

“तुया चिखल खोटा हाय वं,” नंदाबाई पाणवठ्यावर चारचौघींत म्हणाली.

धुरपताबाईचा त्या दिवशीचा अवतार मी पाहिला. कळशी आदळून ती माझ्याकडेच आली. “म्या विरजण म्हनलं तं हिनं चुलीपाशी ठेवलं! आता सांगा बाबू, चिखल कोनी चुलीपाशी ठेवते का? ओला ठेव म्हनलं होतं ना म्या!” मग ती पायरीवर बसली. “माईच चूक हाय. मले दुसरं काई म्हनाले सुचलं नाही.”

मी तिला काय सांगणार? मलाही त्या दोऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी घालायचा आम्हा दोघांचा धंदा होता. ती गावाच्या घड्यावर घालत होती, मी सरकारच्या.

त्यानंतर आलं ते नारूचं प्रकरण. ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गावातला उदाराम रस्त्याच्या कामावर वर्षभर दूर कुठे गेला होता. पंचावन्न साली परत आला तो पाय ओढत. घोट्यावर फोड, फोडातून पांढरा दोरा. नारू. रोज काडीवर वेटाळून इंचइंच बाहेर काढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणावर. आमच्या गावाने नारू पाहिला नव्हता. उदारामच्या अंगणात जत्रा लोटली. त्या जत्रेत नंदाबाईही होती. तिने काडीवरचा दोरा पाहिला आणि पदर तोंडावर घेतला.

“हा तं धुरपताच्या गंजातला होय!”

झालं. संध्याकाळपर्यंत गावाचा हिशेब पुरा झाला. उदाराम आल्या आल्या बोडीवर आंघोळीला गेला होता. बोडीचा पाझर धुरपताच्या बांधीत. धुरपता नारू पोसते, गंजात वाढवते, घमेल्यांनी शेतात पेरते. कोणी ध्यानात घेतलं नाही की उदारामचा फोड तो गावात शिरायच्या आधीचा होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तर संन्यासी हाताशी लागतो एवढंच कारण पुरतं.

सरपंच शालीकरामने पंचायत बोलावली. शालीकराम वाईट माणूस नव्हता. त्याला चार नातवंडं होती आणि चारही दिवसभर बोडीत डुंबत. त्याचं भय खरं होतं, म्हणूनच त्याला समजावता येईना. धुरपताबाई उभी राहिली. डोक्यावर पदर घेतलेला, पण आवाज धुऱ्यावरचाच.

“सात सालापासून त्या चिखलात माये पाय हायेत,” तिने लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि सगळ्यांसमोर पाय पुढे केले. “दाखवा मले नारू. कोठं हाय?”

कोणी पायांकडे पाहिलं नाही. भल्या घरच्या बाईने पंचायतीत पोटऱ्या दाखवल्या, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. चैतराम मान खाली घालून बसला होता.

मग शालीकराम माझ्याकडे वळला. “ग्रामसेवक, तुम्ही शिकलेले. हा नारू नाही, असं लिहून देता का?”

माझ्या खिशात त्याच आठवड्यात आलेलं वरचं उत्तर होतं. दोन वर्षांनी आलेलं. त्यात दोन ओळी होत्या: ‘नमुना वाळलेला असल्याने ओळख पटत नाही. खबरदारीचा उपाय म्हणून श्री. चैतराम यांच्या शेतात पावडर मारून सदर कृमींचा नायनाट करावा.’ पत्ता बरोबर होता. मी चार पानांत बांधीची चतुःसीमा लिहिली होती, कोणी शास्त्रज्ञ आला तर चुकू नये म्हणून.

मला माहीत होतं की तो नारू नाही. नारू माणसात होतो आणि हा अळीत होत होता. पण ‘माहीत आहे’ आणि ‘लिहून देतो’ यांच्यामध्ये जो धुरा आहे, तो मला ओलांडता आला नाही. मी खिशातला कागद काढून वाचून दाखवला. म्हणजे मी काही ठरवलं नाही. मी फक्त वाचलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

बांधीचा बंधारा फोडून पाणी काढलं. बोडीच्या पाझराला चर खणून तो दुसरीकडे वळवला. जमीन भेगाळली तेव्हा चुना टाकला आणि त्यावर पावडर. पावडर मी माझ्या हाताने झाडली. दुसऱ्या कोणाला ते काम येत नव्हतं. धुरपताबाई धुऱ्यावर उभी होती. मी तोंडाला फडकं बांधलं होतं, आणि खरं सांगतो, पावडरीपेक्षा तिच्यासाठीच बांधलं होतं.  तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

उदारामचा नारू निघाला, पाय बरा झाला. गावात दुसऱ्या कोणाला नारू झाला नाही. गाव म्हणालं, पाहा, पावडर मारली म्हणून टळलं. असल्या पुराव्यापुढे माणूस काय बोलणार?

छप्पन्न साली अळी आली ती धुरपताच्या दोन्ही बांध्यांत शिरली. वरच्या बांधीतही, कारण शालीकरामने खबरदारी म्हणून तिथेही पावडर मारायला लावली होती. तिच्या लोंब्यांचा सडा मी पहिल्यांदा पाहिला. तिने तो खाली बसून, एकेक लोंबी वेचून टोपलीत भरला. मी म्हणालो, “बाई, मी पुन्हा लिहितो वर.”

“लिवा,” ती वर न बघता म्हणाली.

मी लिहिलं. पण तोवर आमचं राज्यच बदललं होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात, दुसरं लिहिलं तेव्हा मुंबई राज्यात. कोणी म्हणे फाइल तिकडे गेली, कोणी म्हणे इकडे येतेय. माणसांच्या वाटण्या झाल्या, टेबलांच्या झाल्या, आणि माझे पांढरे दोरे कोणाच्या वाटणीला गेले ते कोणालाच सांगता येईना. मीही लिहिणं सोडलं. लग्न झालं, मुलगी झाली, सायकलची चेन दोनदा बदलली. दर वर्षी पावडरीचा आकडा मात्र पुरा करत राहिलो, फक्त बोडीखाली जायचं टाळून.

साठ साली, महाराष्ट्र झाल्यावर पाचसहा महिन्यांनी, मला एक जाड लिफाफा आला. पत्र टाइप केलेलं, खाली कोणा नव्या, बहुधा तरुण अधिकाऱ्याची सही. जुनी फाइल त्याच्या हाती लागली होती. त्याने लिहिलं होतं की आपण वर्णन केलेले सूत्रकृमी असावेत, माणसास अपायकारक नसून किडीचा नाश करणारे, अत्यंत महत्त्वाचे. जिवंत नमुने ओल्या मातीत घालून तातडीने पाठवावेत.

मी ते पत्र उभ्या उभ्या तीनदा वाचलं. सूत्रकृमी! त्यांना नाव होतं. मी सायकल काढली आणि चिखलातून घसरत, पडत बोडीखाली गेलो. लहान पोरासारखा ओरडत गेलो म्हटलं तरी चालेल.

धुरपताबाई बांधीत होती. केस पांढरे झाले होते, काचा तसाच. चैतराम धुऱ्यावर बसून तंबाखू मळत होता. बोडीचा वळवलेला पाझर कोणी तरी पुन्हा बांधीत आणला होता. चर बुजवलेला होता आणि त्यावर गवत चांगलं दोन वर्षांचं वाढलं होतं. आणि धान उभं होतं. लोंबी न् लोंबी जागेवर.

मी चैतरामकडे पाहिलं. तो कधी नाही ते बोलला.

“पोरीकडून आनलं. रुख्माकडून. दवनीवाड्याले.” रुख्मा त्यांची लेक. “लग्नात हिनं तिले गंजभर चिखल देला होता. सासू हसली, मंग तिनंच बांधीत टाकला. आपलं विरजण नासलं तं ज्याले देलं त्याच्याकडून आनते ना मानूस? ही गोंदियाहून रेलगाडीत मांडीवर गंज घेऊन आली. टिकट बाबूनं पुसलं का काय हाय, तं म्हने विरजण हाय.”

“तुमी जास्त बोलून रायले,” धुरपताबाई म्हणाली. चैतराम पुन्हा तंबाखूकडे वळला.

मी तिला पत्र वाचून दाखवलं. ‘अत्यंत महत्त्वाचे’ हे शब्द दोनदा वाचले. तिचा चेहरा हलला. क्षणभर मला वाटलं ती रडणार. सात नि पाच बारा वर्षं ती एकटी जे म्हणत होती तेच कोणी तरी टाइप करून पाठवलं होतं. तिने हात लुगड्याला पुसून कागद घेतला, उलटसुलट पाहिला, आणि मला परत दिला.

“खाली अजून लिवलं हाय,” ती म्हणाली. वाचता येत नव्हतं तिला, पण मी कुठे थांबलो ते तिने पाहिलं होतं. “ते वाचा.”

खालचा परिच्छेद मीही घाईत नुसता नजरेखालून घातला होता. तो कार्यालयाचा ठरलेला छापील मजकूर होता, प्रत्येक पत्राखाली असायचा. मी वाचला. ‘नमुने गोळा केल्यानंतर सदर क्षेत्रात नेहमीप्रमाणे पावडर मारून घ्यावी व तसा अहवाल द्यावा.’

“हा छापील असतो, बाई. हे कोणी मुद्दाम लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“मंग मागच्या बारीलेबी कोनी मुद्दाम नसन लिवलं.”

 मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो की हा साहेब वेगळा आहे, त्याने ओळखलंय, एक गंज दे, एकच, तुझं नाव होईल. तिने ऐकून घेतलं. चिडली नाही. चिडणं तिचं केव्हाच संपलं होतं, आणि तेच मला सोसवेना.

“तुमी मानूस चांगले हाये, बाबू,” ती म्हणाली. “पन तुमाले देईन तं तुमी लिवान. लिवान तं पोतं येईन. आन पोतं आलं का तुमीच झाडान.”

ती वाकून पुन्हा कामाला लागली. तिच्या पायाशी, ओल्या चिखलावर एक पिवळी अळी पडली होती आणि तिच्या कुशीतून पांढरा दोरा बाहेर येत होता. वाकलो असतो तर हाताला लागला असता. खिशात नमुन्यासाठी झाकणाची डबी होती. सात वर्षं मी ती बाळगत होतो.

मी वाकलो नाही. खोलीवर येऊन उत्तर लिहिलं. ‘सदर क्षेत्राची पाहणी केली. नमुना उपलब्ध नाही.’ खाली शेतकऱ्याच्या नावाचा रकाना होता. तो कोरा ठेवला आणि सही केली.